नाव नीट पुकारा

कबनूर इचलकरंजीला लागूनच. यंत्रमागांवर बिहार, ओडिशा, उत्तर कर्नाटकातून आलेली कितीतरी माणसं. दवाखान्यात मात्र त्यांची नावं घाईत मोडतात, नाहीतर सरळ ‘ए भैया’! मला हे फार खुपतं. तापानं फणफणलेल्या माणसाला निदान आपला नंबर आलाय हे तरी कळायला हवं. त्याच्याऐवजी भलताच उठला, तर गोळ्या-इंजेक्शनांची अदलाबदल व्हायला कितीसा वेळ? जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यांत रुग्णाची ओळख नीट पटवणं होतंच. खर्च काहीच नाही. केसपेपर काढतानाच विचारावं, ‘दादा, नाव कसं म्हणायचं?’ आणि तो सांगेल तसंच देवनागरीत लिहून ठेवावं, म्हणजे आतल्या सिस्टरही तसंच पुकारतील.