बुडत्याची काडी

पाठीवरच्या नळकांड्यात दाबून भरलेली हवा श्वासासाठी वापरत पाण्याखाली उतरण्याच्या पद्धतीला स्कूबा म्हणतात, आणि असे उतरणाऱ्याला स्वतःबरोबर दुसऱ्याचाही जीव सांभाळता यावा म्हणून जो पुढचा अभ्यासक्रम आखलेला असतो, तो ‘रेस्क्यू डायव्हर’ या नावाने चालतो. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या माणसाला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. दक्षिणेला मुरगावजवळचे ग्रँड बेट आहे आणि उत्तरेला तेरेखोल नदी ओलांडली की मालवण-तारकर्ली. हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या ‘पाडी’ या संस्थेच्या नियमाप्रमाणे आधी प्राथमिक पातळीच्या पुढचा अभ्यासक्रम झालेला असावा लागतो आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मागच्या 24 महिन्यांतले असावे लागते. पैसा, सवड आणि दमसास यांच्या अडचणी खऱ्या असल्या तरी त्या हिशेबाने सुटणाऱ्या आहेत. जिचा हिशेब लागत नाही ती अडचण काडीची आहे.

‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण वापरणारा बहुधा बुडत्याची कीव करत असतो किंवा त्याला हसत असतो; काडीचे पुढे काय झाले, याची चौकशी कोणी करत नाही. बचावाचे प्रशिक्षण मात्र नेमके तिथूनच सुरू होते. पाण्यात घाबरलेला माणूस डोळ्यांवरचा मुखवटा ओरबाडून काढतो, श्वासाची तोटी म्हणजे रेग्युलेटर थुंकून टाकतो आणि जवळ जे डोके सापडेल त्यावर चढू पाहतो. म्हणून शिकणाऱ्याला सांगितले जाते की त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर थांबावे, मोठ्याने सूचना द्याव्यात, आणि जवळ जाणे भागच असेल तर मागून जाऊन त्याचे नळकांडे गुडघ्यांत धरावे व त्याच्या अंगातल्या फुगवता येणाऱ्या जाकिटात हवा भरावी. विहिरीवर पोरांना पोहायला शिकवणारी जुनी माणसेही बुडणाऱ्याच्या समोरून जाऊ नये, असेच बजावत असत. वाचवणाऱ्याने काडी होऊ नये, हा या विद्येचा पहिला धडा दिसतो.

पण म्हण तरी कितपत खरी आहे? न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी 1970 च्या दशकात बुडणाऱ्या माणसांच्या हालचालींचा चित्रफितींवरून अभ्यास केला, तेव्हा खरोखर बुडणारा माणूस ओरडत नाही, मदतीसाठी हातही हलवत नाही, असे त्यांना आढळले. त्याचे हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, समोर आलेला दोर मुद्दाम हात पुढे करून धरणे त्याला जमत नाही, आणि पृष्ठभागावरची ही धडपड 20 ते 60 सेकंदांत संपते. म्हणजे जो काडी धरू शकतो तो अजून पुरता बुडू लागलेला नाही, आणि जो बुडू लागला आहे त्याला काडी दिसूनही उपयोग नाही. इतके झाल्यावर म्हण मोडीत काढावी, तर 2020 च्या ऑगस्टमधली तामिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यातली कोट्टराई धरणाची घटना आड येते. तिथे चार तरुण बुडत असताना तीन स्त्रियांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. दोघांना त्या धरता आल्या आणि ते वाचले, उरलेले दोघे गेले. त्या स्त्रियांकडे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते, आणि साडी ही काडीपेक्षा लांब असते, एवढेच फार तर म्हणता येईल.

शिवाय पेडणे-डिचोलीत बुडण्याच्या जागा वेगळ्याच आहेत. हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. पेडण्याच्या पठारांवर जांभ्याचे चिरे काढून सोडून दिलेल्या चिरेखाणींवर ते असण्याचे कारण नाही. डिचोलीत तर लोहखनिजासाठी भूजलाच्या पातळीखाली खोदलेले खंदक आहेत. खाण चालू असते तोवर त्यातले पाणी पंपांनी उपसत राहावे लागते, त्यामुळे शिरगावसारख्या गावांच्या विहिरी आटल्याच्या तक्रारी होतात. पुढे 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. उपसा थांबला की गावाचे आटलेले पाणी खंदकात येऊन साठावे, हा न्याय थोडा विचित्रच आहे, आणि त्याच खंदकांतले पाणी शेतीला मिळू लागले की तक्रार कोणाकडे करावी, हेही उमगत नाही. अशा खंदकाला किनारा नसतो. ओल्या चिकट मातीचे उभे कडे असतात आणि घसरलेल्याला वर येण्यासाठी पाय ठेवायला जागा मिळत नाही. तिथे दोर हवा, शिडी हवी, कुंपण हवे. पाणबुड्याला बोलावले जाते ते माणूस बुडाल्यानंतर, आणि मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते, हे ध्यानात घेतले तर तो बहुधा काय शोधायला उतरतो हे उघड आहे. अभ्यासक्रमात हरवलेल्याचा शोध दोराच्या टोकाने वर्तुळे वाढवत कसा घ्यावा हेही शिकवतात. गढूळ पाण्यात मात्र डोळे कामाचे नसतात, तो शोध हातांनी चाचपून घ्यावा लागतो.

तेव्हा हे शिक्षण मुख्यतः सोबतच्या पाणबुड्याच्या कामाचे ठरते, आणि त्याच्यावर बुडण्याची वेळ येण्याआधीच त्याची अस्वस्थता ओळखणे हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. ते घेतलेला माणूस चिरेखाणीच्या काठावर अधिक सावध होईल की अधिक धीट, यावर मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि दोन्ही बाजू पटतात. शिकल्यावर काठावर नुसते उभे राहण्याची मुभा उरत नाही असे मानले, तर न शिकण्यातही एक प्रकारची पळवाट आहे. आणि पळवाट म्हणून तिला नाकारावे, तर केवळ अपराधभावापोटी पाण्यात उतरणारा माणूस काडीहून अधिक भरवशाचा असतो असेही दिसत नाही.

गोव्यातल्या डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. चिरेखाणी जूनमध्ये भरू लागतात.