श्रीकांतचं काय झालं, आणि ओटिंगचं?

(स्पॉयलर आहेत. 'द फॅमिली मॅन'चा तिसरा सीझन बघायचा राहिला असेल तर आधी बघून या. पोस्ट कुठे पळून जात नाही.)

२१ नोव्हेंबरला सीझन आला आणि दोन दिवसांत माझ्या तिन्ही ग्रुपवर एकच रड सुरू झाली. सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप आणि मामे-मावस भावंडांचा ग्रुप. "हा काय शेवट झाला?" "साडेचार वर्षं थांबवलं आणि तोंडाला पानं पुसली." "पुढचा सीझन येईस्तोवर माझा पोरगा इंजिनिअर होऊन बसेल." एकीने तर लिहिलं, "श्रीकांत मेला असेल तर सरळ सांगा, आम्ही सुतक पाळून मोकळे होतो."

तक्रार खोटी नाही. दुसरा सीझन आला होता ४ जून २०२१ ला. त्यानंतर इतक्या वर्षांनी सात एपिसोड दिले आणि ऐन रंगात आल्यावर पडदा पाडला. श्रीकांत तिवारीचं पुढे काय, ते सांगितलंच नाही. रुक्माचा हिशेब राहिला तो राहिलाच. राज आणि डीकेंची ही जुनी खोड आहे म्हणा. २०१९ चा पहिला सीझन आठवतोय ना? दिल्लीजवळच्या केमिकल कारखान्यात वायुगळतीचा घोळ आणि तिथेच 'समाप्त'. तेव्हाही लोक असेच चिडले होते आणि तरी २०२१ ला सगळ्यांनी रात्र जागून दुसरा सीझन संपवला. मीही त्यातलाच.

यावेळी मात्र सगळ्यात वेगळी प्रतिक्रिया आली ती माझ्या मामांची. आमचा आजोळचा गाव सातारा जिल्ह्यातला. घरटी एक माणूस फौजेत. मामा सुभेदार होऊन निवृत्त झाले, नोकरीतली काही वर्षं नागालँडात काढली. मामेभावाच्या टीव्हीवर त्यांनी सगळे एपिसोड बघितले, मधे एकदाही उठले नाहीत म्हणे. शेवटानंतर पोरं बोंबलायला लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शेवट नाय म्हणून कशापायी वरडताय? तिथल्या कुठल्या गोष्टीला शेवट हाय?"

हे वाक्य मला सोडेना. म्हणून ही पोस्ट.

सीझनची गोष्ट नागालँडात घडते आणि तिच्या मुळाशी आहे शांतता करार. आता खऱ्या कराराचं बघा. एनएससीएन (आयएम) बरोबर शस्त्रसंधी झाली १९९७ ला. ३ ऑगस्ट २०१५ ला दिल्लीत फ्रेमवर्क अ‍ॅग्रीमेंटवर सह्या झाल्या. सरकारतर्फे सही करणारे होते आर. एन. रवी, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरोतले जुने अधिकारी, आपल्या श्रीकांतच्या जातकुळीतले. फोटो निघाले, भाषणं झाली. त्याला दहा वर्षं उलटून गेली. वेगळा झेंडा आणि वेगळी घटना या मागण्यांवर घोडं अडलं ते अजून अडलेलंच आहे. साडेचार वर्षांत आपला जीव टांगणीला लागला. तिथे १९९७ साली जन्मलेल्या पोराला आज स्वतःची पोरं असतील आणि घोंगडं अजून भिजतंच आहे.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच शेवटाबद्दल. तो आपल्या दोन सीझनच्या मधल्या काळातला आहे.

४ डिसेंबर २०२१. नागालँडचा मोन जिल्हा, म्यानमारच्या सीमेला लागून. ओटिंग नावाचं कोन्याक नागांचं गाव. शनिवारची संध्याकाळ. तिरूच्या कोळसा खाणीतले आठ मजूर पिकअपमधून घरी निघालेले, कारण दुसऱ्या दिवशी रविवार, चर्चचा दिवस. लष्कराच्या २१ पॅरा स्पेशल फोर्सेसची तुकडी वाटेत दबा धरून बसली होती. अतिरेकी या रस्त्याने जाणार अशी पक्की खबर होती म्हणे. पिकअप आली, गोळ्या सुटल्या. सहा मजूर जागच्या जागी गेले, दोघे जखमी होऊन वाचले. पोरं घरी आली नाहीत म्हणून गावकरी शोधत आले, त्यांना प्रेतं दिसली, जमाव भडकला. पुन्हा गोळीबार. आणखी सात गावकरी गेले. एक जवानही गेला. दुसऱ्या दिवशी मोन शहरात जमाव आसाम रायफल्सच्या तळावर चालून गेला, तिथे आणखी एक. एकूण १४ नागरिक आणि एक जवान.

६ डिसेंबरला गृहमंत्री अमित शहांनी संसदेत निवेदन केलं. गाडीला थांबण्याचा इशारा केला होता, ती थांबली नाही, म्हणून गोळीबार झाला, ओळख पटवण्यात चूक झाली, सरकारला खेद आहे. वाचलेल्या मजुराने पत्रकारांना सांगितलं की इशारा-बिशारा काही नव्हता, थेट गोळ्या आल्या. नागालँड पोलिसांच्या विशेष पथकाने तपास करून २०२२ ला आरोपपत्र दाखल केलं, एका मेजरसकट ३० जणांवर. ओळख न पटवताच गोळीबार झाला, ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, असा ठपका.

आता क्लायमॅक्स. आर्म्ड फोर्सेस स्पेशल पॉवर्स अ‍ॅक्ट, म्हणजे अफस्पा, हा १९५८ चा कायदा. त्याच्या सहाव्या कलमानुसार केंद्राच्या परवानगीशिवाय जवानांवर खटला चालवता येत नाही. २०२३ ला केंद्राने परवानगी नाकारली. त्या नकाराविरुद्ध नागालँड सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. आरोपी अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या याचिका आधीपासून तिथे होत्याच. १७ सप्टेंबर २०२४ ला कोर्टाने फौजदारी कारवाई बंद केली. पुढेमागे परवानगी मिळाली तर ती पुन्हा चालू शकते, आणि लष्कराला वाटलं तर ते शिस्तभंगाची कारवाई करू शकतं, एवढी फट ठेवली.

संपलं. पडदा. क्लिफहँगर म्हणायचं तर हाच की.

मला माहितीये, आता कमेंटमध्ये काय येणार. "फौजेच्या विरोधात लिहितोस?" अरे बाबांनो, आमच्या घरात तीन पिढ्यांची पेन्शन येते. फौजेबद्दल मला कुणी शिकवू नये. मामांना मी ओटिंगबद्दल विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रातच्याला झाडीत बसलेलं पोरगं काय बघणार? त्याला सांगितलंय, गाडी येणार, त्यात ते असणार. गाडी आली. आता सांगणारा कुठं हाय, ते बघा की." आणि थोड्या वेळाने, "पर ज्यांचं गेलं त्यांना तरी कोणी सांगायला पायजे ना."

दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत. त्यांना त्यात काही विसंगती वाटली नाही, मलाही वाटत नाही. त्या रात्री मेलेला जवानही त्याच चुकीच्या खबरेने मेला.

गंमत म्हणजे हे सगळं 'फॅमिली मॅन'नेच आपल्याला दाखवलंय. पहिल्या सीझनमधला करीम आठवा. मुंबईतला कॉलेजचा पोरगा, संशयावरून श्रीकांतच्या टीमने मागावर घेतला, आणि तो व त्याचे मित्र गोळीबारात मेले. नंतर कळलं, पोरं अतिरेकी नव्हतीच. खात्याने प्रकरण दाबलं. श्रीकांतला ते खात राहिलं. त्या एपिसोडनंतर आपण सगळे किती हळहळलो होतो! करीम कुणीतरी लिहिलेला, त्याचं दुःख आपल्याला झालं, कारण दिग्दर्शकाने कॅमेरा त्याच्या तोंडावर नेला. ओटिंगच्या मजुरांच्या तोंडावर कॅमेरा कुणी नेला नाही.

आणि खबर देणाऱ्यांचं काय? आयबी आणि रॉ या दोन्ही संस्थांना माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातून कलम २४ खाली सूट आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग, एवढेच अपवाद. अमेरिकेत सिनेटची गुप्तचर समिती १९७६ पासून आहे, ब्रिटनमध्ये संसद सदस्यांची समिती १९९४ पासून. आपल्याकडे तसं काही नाही. २०११ ला मनीष तिवारींनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, ते तसंच राहिलं. गुप्त कामं गुप्तच राहायला हवीत, यात वाद नाही. पण बंद दाराआड का होईना, कुणीतरी निवडून आलेल्या माणसाने विचारायला नको का की खबर कुणाची होती, ती तपासली कुणी?

सिरीज वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. जेकेचे आणि श्रीकांतचे टोमणे ऐकत मी हसलोय, जयदीप अहलावत तर काय कमाल माणूस आहे. शेवट आवडला नाही म्हणून भांडणंही चांगलंच. इतक्या लोकांना 'पुढे काय झालं' हे कळायलाच हवं असं वाटतं, ही चांगली सवय आहे. फक्त ती रिमोट खाली ठेवल्यावरही राहावी.

२०२५ चा ४ डिसेंबर आला. ओटिंगला चार वर्षं झाली. माझ्या तिन्ही ग्रुपवर त्या दिवशीही चर्चा नागालँडचीच होती, श्रीकांत जगला की मेला याची.

 लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार बसतात. तुमचा जो कोण असेल, कुठल्याही पक्षाचा, त्याला एक ओळ लिहा: ओटिंगच्या खटल्याची परवानगी कोणत्या कारणाने नाकारली, आणि लष्कराच्या चौकशीत काय निघालं? मी माझ्या खासदारांना काल मेल टाकलाय. उत्तर आलं तर इथेच टाकतो. नाही आलं, तरी सांगतो.