कारभारी कोण?

पुणे, रविवार

चि. छकुलीस,


काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहिते. दादाला गुरुवारी सांगलीच्या घरी सोडताहेत. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, नाकात नळी आणि लघवीची पिशवी. घरात एकटी वहिनी, तीही सत्तरी ओलांडलेली आणि गुडघ्यांनी बेजार. तू बंगळूरला. आणि तू विचारतेस, नर्सिंग ब्युरोची बाई घ्यावी की शेजारच्या काकूंनी सुचवलेली मावशी थेट ठेवावी? ब्युरो महाग पण खात्रीचा, मावशी स्वस्त पण बिनभरवशाची, असा हिशेब तू मांडलास. मला तो पटला नाही.

ब्युरो बाई देतो असं आपण म्हणतो. खरं तर तो बदली बाई देतो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आमच्याकडे दोन्ही प्रकार झाले. ब्युरोच्या बाईचा खाडा झाला की रात्री फोन करायचा, सकाळी आठला दुसरी दारात हजर. ब्युरोला कमिशन जातं ते त्या सकाळसाठी. पण आलेल्या प्रत्येकीला सासूबाईंचं सगळं मला पहिल्यापासून समजावून सांगावं लागे : कोणत्या कुशीवर झोपतात, गोळी कशाबरोबर गिळतात, रात्री दिवा घालवलेला का चालत नाही. थेट ठेवलेल्या मावशीला हे सगळं थोड्याच दिवसांत पाठ झालं. ताप चढायच्या आधी नुसता चेहरा बघून ती मला हाक मारायची. मात्र तिच्या भाचीचं लग्न निघालं की आठवडाभर मीच मावशी. यातलं तुमच्या घराला काय सोसेल, ते बघायचं.

ब्युरोच्या खात्रीबद्दल फार भाबडी राहू नकोस. भिंतीवर चौकटीत लावलेला शॉप ॲक्टचा कागद ही दुकानाची नोंद असते, बाईच्या शिक्षणाची नव्हे. कामगार थोडे असले तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती माहिती भरून पावती मिळते. ब्युरोत सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणतात. खरी सिस्टर म्हणजे दोन वर्षांचं एएनएम नाहीतर तीन वर्षांचं जीएनएम केलेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असलेली. नाकातली नळी बदलणं, लघवीची नळी घालणं, इंजेक्शन देणं ही तिची कामं. अंग पुसणं, डायपर, कूस बदलणं, नळीतून भरवणं हे नीट शिकवलेली मावशी उत्तम करते. दादाला दिवसभर सिस्टर लागणार नाही. नळी बदलायची असेल तेव्हा तासाभरासाठी बोलावता येते. सिस्टरचे पैसे मोजून मावशी पदरात पाडून घेऊ नकोस.

बाई कुठूनही येवो, दोन गोष्टी तिला करून दाखवायला सांग. नळीतून भरवताना ती डोक्याकडची बाजू उंच करते का, आणि भरवून झाल्याबरोबर आडवं तर करत नाही ना? नाहीतर अन्न छातीत उतरतं. दुसरं, उठवताना लुळा हात धरून ओढते का ते बघ. अशा ओढण्याने खांदा निखळतो आणि मग व्यायामाच्या नावानेच पेशंट रडतो. एवढ्यावरून बाईचा हात कळतो. प्रमाणपत्रं नंतर बघ.

चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. दादाची कूस दर दोन तासांनी बदलायची आहे, रात्रीसुद्धा. तेच माणूस दिवसाही राबणार असेल तर चौथ्या रात्री ते झोपणारच आणि पाठीला जखम होणार. हवेची गादी घेतलीस तरी कूस बदलणं सुटत नाही. त्यामुळे सुरुवातीला बारा-बारा तासांच्या दोन ड्यूट्या धर.

आता पैसे. समज, ब्युरोला महिन्याला २५ हजार दिलेस आणि त्यातले सात हजार ब्युरोने ठेवले, तर दादाला उचलणारे हात १८ हजारांचे. बाईच्या हातात किती पडतात आणि कोणत्या तारखेला, हे ब्युरोला सरळ विचार. सांगायला का-कू करणारा ब्युरो नको. पगार थकलेली बाई दुसऱ्या घराच्या शोधातच असते. करारात एक कलम असतं, ब्युरोची बाई परस्पर ठेवली तर दंड. ते सही करण्याआधी वाच. पुढे तिलाच ठेवावंसं वाटलं तर ठरलेली रक्कम भरून उजळ माथ्याने ठेव. आणि मावशी स्वस्त पडते ती आपण तिची आठवड्याची सुट्टी, दिवाळी, आजारपण आणि अडीनडीची उचल हिशेबात धरत नाही म्हणून. हे सगळं धर आणि मग दोन आकडे शेजारी ठेव. फरक तुला वाटतो तेवढा राहणार नाही.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न तू विचारलाच नाहीस. कारभार कोण पाहणार? डायपर संपायच्या आधी आणणं, औषधांची आणि लघवीच्या मापाची वही रोज वाचणं, माकडहाडापाशी लाल डाग दिसतो का ते बघणं, चुकलं तर बाईला सांगणं आणि चांगलं केलं तर तेही सांगणं. ब्युरोचा सुपरवायझर कधीमधी चहा पिऊन जातो. मावशीच्या डोक्यावर तर तोही नाही. वहिनी कुणाला एक शब्द बोलणार नाही. उलट गुडघे धरत उठून बाईलाच चहा करून देईल. बंगळूरहून कॅमेऱ्यात बघेन म्हणालीस. हॉलमध्ये लाव, बाईला सांगून लाव, पण अंग पुसतात तिथे नको. शिवाय पाठीवरचा डाग कॅमेऱ्यात दिसत नाही.

कारभाऱ्याला बाईचीही बाजू बघावी लागते. ती जेवणार काय, रात्री पाठ कुठे टेकणार, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का? येणारा-जाणारा कुणी वेडंवाकडं वागला तर तिने कुणाला सांगायचं? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरालाही कामाची जागा मानलं आहे. आपल्या घरांना अजून त्याची सवय नाही.

माझं मत हवं असेल तर पहिले तीन महिने ब्युरो घे. पक्षाघातात जी सुधारणा व्हायची ती सुरुवातीच्या महिन्यांत जास्त होते. नळी निघेल, पिशवी निघेल, दादा खुर्चीत बसू लागेल अशी आशा आहे. म्हणजे गरज सारखी बदलत राहणार, आणि तेव्हा माणूस बदलून मागता येणं सोयीचं. दिनक्रम बसला की मावशी ठेव. तुमच्या शेजारचं मिरज हे वॉनलेस डॉक्टरांच्या मिशन दवाखान्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून, डॉक्टरांचं गाव आहे. वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या बायका तिकडे शोधल्या तर मिळतात. आधीच्या दोन घरांना स्वतः फोन कर, पोलिस पडताळणी कर, पगार, सुट्टी आणि कामं एका कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. सोनं बँकेत, एटीएमचा पिन वहिनीच्याही चिठ्ठीवर नको. ब्युरोत नाव मात्र चालू ठेव, खाड्यासाठी. आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा सरकारी नंबर वहिनीच्या फोनमध्ये घालून ठेव.

हे तीन महिने तू सांगलीत राहा. घरून सगळं काम होतं, असं टाळेबंदीत तूच मला ऐकवत होतीस. ते जमणारच नसेल तर मावशीचा विचार सोड. कारभारी नसलेल्या घरात ब्युरो बरा. निदान तक्रार करायला एक दार असतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. दादाची वाचा गेली आहे, समज गेलेली नाही. जन्मभर वर्गासमोर ताठ उभं राहून गणित शिकवलेला माणूस तो. त्याला आंघोळ परक्या बाईने घालावी की पुरुषाने, हे आपण दोघींनी फोनवर ठरवायचं नाही. पुरुष अटेंडंट कमी मिळतात, पण मिळतात. मानेने हो-नाही सांगतो असं वहिनी म्हणाली. गुरुवारच्या आत त्याला विचार, मगच कुणाला हो म्हण.

तुझी,
आत्या