पंख्याखालचे सरडे

मे महिन्यात चाळकेवाडीच्या पठारावर निघालो की साताऱ्यातले मित्र वेड्यात काढतात. ठोसेघरचा धबधबा आटलेला, गवत करपलेलं, जांभा तव्यासारखा तापलेला. पण मला ज्याला भेटायचं असतं तो याच दिवसांत रंगात येतो. ‘सारडा सुपर्बा’ ही सरड्याची जात शास्त्रज्ञांनी 2016 साली याच पठारावरून जगासमोर आणली.

एरवी नर इतका मातकट, की समोर असून दिसत नाही. मग तो एखाद्या दगडावर चढतो, मान ताणतो आणि गळ्याखालची घडी उलगडतो. निळा, काळा, नारिंगी! दोन-तीनदा उघडझाप, की पंखा मिटला. पलीकडच्या दगडावरून दुसरा लगेच उत्तर देतो. तेवढ्यावर भागलं नाही तर जुंपतेच. मादीला असा पंखा नाही. ती आपली किडे टिपत हिंडते. या थाटाकडे ती ढुंकूनही पाहत नाही असंच मला वाटायचं. पाहत असणार, कारण पाऊस येण्याआधी जोड्या जमतात. मग ती माती उकरून अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. पुढचं ऊन-पावसावर.

एकदा एका गुराख्याने हटकलं, “पाव्हणं, काय हुडकताय?”

“सरडे, आबा.”

“मग त्या पंख्यांच्या बुडाला जावा की. तिथं रग्गड हायती.”

पंखे म्हणजे पवनचक्क्या. आबांचं म्हणणं अगदी खरं होतं. मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी 2018 साली याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात कापशी, तिसा असे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. खाणारेच घटल्यावर सरडे वाढले. रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी, माणूस जवळ आला तरी पळायची घाई नाही. पण गर्दीत खाण्याची ओढाताण होत असावी; हे सरडे अंगाने रोडावलेले आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके निघाले.

वीज हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरडे वाढले म्हणून पठाराचं बरं चाललंय असं कुणी म्हटलं, तर मला ते पटत नाही. फोटो मात्र पवनचक्कीखालीच सर्वांत जवळून मिळतात.