कधी थांबावे, कधी थांबू नये





आमचे सारे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, शाळा-कॉलेजात हिंदी. त्यामुळे लिहिताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र महत्त्वाचा आहे.

यंदा वर्गांचे फोटो काढण्याच्या दिवशी नववीची एक मुलगी मधल्या सुट्टीत मैत्रिणीला घेऊन आमच्या खोलीत आली. म्हणाली, "सर, मला फोटोत घेऊ नका. दहावी झाली की मी नाकाची प्लास्टिक सर्जरी करणार आहे. मग काढा." मैत्रिणीने लगेच विचारले, "सर, नाकात प्लास्टिक घालतात का हो?" आम्हांला हसू आले होते, पण पहिलीच्या डोळ्यांत पाणी दिसले आणि ते हसू तिथेच थांबले.

या शस्त्रक्रियेत प्लास्टिकचा काही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'घडवणे, आकार देणे'. आम्ही इतिहासाचे शिक्षक, म्हणून एक गोष्ट सांगतो. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. साधारण वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून तिकडचे सर्जन ही रीत शिकले. त्या कारागिराचे नाव मात्र त्या वृत्तान्तात नाही.

पण त्या मुलीचा प्रश्न वेगळा होता. तिचे नाक धड होते आणि ते अजून वाढत होते. आमचे एक माजी विद्यार्थी आज प्लास्टिक सर्जन आहेत. त्यांना आम्ही पालकसभेला बोलावले. ते म्हणाले, "आमच्या कामात 'काय करायचे' याच्याइतकाच 'कोणत्या वयात करायचे' हा प्रश्न मोठा असतो." त्यांनी सांगितलेले थोडक्यात लिहितो.

बाळाचा ओठ जन्मतः दुभंगलेला असेल, तर शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर करतात. वजन सुमारे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन १० असावे, असा जुना ठोकताळा आहे. टाळू दुभंगलेली असेल तर ती साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शिवतात, कारण मूल बोलू लागण्याच्या आत ती जुळलेली हवी. पुढे आलेले कान पाच-सहा वर्षांनंतर करता येतात, कारण तोवर कानाची बहुतेक वाढ झालेली असते. भाजल्यामुळे बोटे किंवा मान आखडली असेल तर 'मोठा झाल्यावर बघू' म्हणू नये. मूल वाढते, पण व्रणाची कातडी त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा सोडवावी लागते. नाकाचे उलट आहे. केवळ रूपासाठी करायचे तर वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलींमध्ये साधारण १५-१६ आणि मुलांमध्ये १६-१७ वर्षांपर्यंत तरी थांबावे लागते. शिवाय इच्छा मुलाची स्वतःची आहे, की कोणी चिडवले म्हणून आहे, हेही डॉक्टर पाहतात. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागतेच.

हे ऐकताना आम्हांला मान खाली घालावी लागली. त्याचे कारण सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी बालवर्गात एक मुलगा आला. चेहरा गोड, ओठ अगदी नीट. पण तो 'बाबा' म्हणे तेव्हा 'मामा' ऐकू येई. वर्ग हसे. हळूहळू त्याने बोलणेच सोडले. बाईंनी आमच्याकडे आणले तेव्हा आम्ही मोठ्या जाणतेपणाने पालकांना म्हणालो, "काही मुले उशिरा बोलतात. मोठा झाला की आपोआप सुधारेल." त्याची आजी सांगत होती की तान्हेपणी दूध नाकातून येई. 'पोटात असताना सुनेने ग्रहण पाळले नाही,' हे त्यांचे निदान. आम्ही ग्रहण मानत नाही, पण आमचे निदान तरी कुठे शहाणपणाचे होते? त्याच्या तोंडात डोकावून कोणी पाहिलेच नव्हते. टाळूला मागच्या बाजूने फट होती. अशा मुलांच्या कानात पाणी साचून ऐकूही कमी येते, आणि आम्ही त्याला मागच्या बाकावर बसवले होते.

शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. नंतर बराच काळ वाणी-उपचार चालले. आज तो शाळेत आहे, बोलतो, प्रार्थनेला उभाही राहतो. आवाज अजून थोडा नाकातून येतो. वेळेवर झाले असते तर कदाचित आला नसता. त्यातले एक पूर्ण वर्ष आमच्या सल्ल्यामुळे गेले. त्याच्या वडिलांनी आम्हांला कधी बोल लावला नाही, याचेच जास्त ओझे वाटते.

दुसरी चूक घरातली. आमच्या आईच्या पापण्या खाली उतरल्या होत्या, पोथी वाचताना ती बोटाने पापणी वर धरी. आम्ही म्हणालो, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी आता कशाला?" डॉक्टरांनी वय विचारले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. साखर, रक्तदाब, हृदय तपासले, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का ते पाहिले. सगळे ठीक निघाले. ते म्हणाले, "वय हा आजार नाही. उतारवयात कातडी सैल असते, व्रण अनेकदा बारीकच राहतो." आई आता दोन्ही हातांनी पोथी धरते.

म्हणजे पाहा, जिथे घाई हवी होती तिथे आम्ही 'मोठा होऊ दे' म्हणालो, आणि आईला उगाच म्हातारे ठरवले. वयाचा हिशेब आम्ही दोन्हीकडे चुकवला.

नववीच्या मुलीला आम्ही 'रूपात काय आहे' असे सांगितले नाही. या वयात रूपात पुष्कळ काही असते. एवढेच सांगितले की नाक अजून वाढते आहे, चेहराही वाढतो आहे. दोघांना एकमेकांशी जुळू दे. मोबाईल तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक असते त्यापेक्षा मोठे दिसते, हेही सांगितले. अठराव्या वर्षी तुझे मन हेच म्हणाले तर ते सर्जन आहेतच, लपून काही करू नकोस. आणि तिला कोण काय म्हणते, ते त्या वर्गात जाऊन आम्ही पाहिले. ते काम शस्त्रक्रियेचे नव्हते, शाळेचे होते.

फोटोच्या वेळी ती मागच्या रांगेत, मान थोडी वळवून उभी राहिली. आम्ही तिला सरळ बघ म्हणालो नाही.

पालकांना एकच विनंती. मुलाच्या बोलण्यात, ओठात, टाळूत, भाजल्याच्या खुणेत काही वेगळे दिसले तर आजच डॉक्टरांना दाखवा. आणि आम्ही 'होईल आपोआप' म्हणालो, तर आमचे ऐकू नका.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य