शेवंड, कयाक आणि छत्तीस इंचाचा प्रश्न

शेवंड म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. पण तिची एक बहीण इथे दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही राहते, स्पायनी लॉब्स्टर. नांग्या नाहीत, लांबलचक काटेरी मिशा, दिवसभर खडकाच्या कपारीत झोप आणि रात्री भटकंती. थोडक्यात, रिलीजच्या आठवड्यातला सॉफ्टवेअरवालाच!

ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवाराआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता सीझन उघडतो आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. हौशी लोकांना ती धरायचे दोनच मार्ग: बुडी मारून हाताने, नाहीतर हूप नेटने. हूप नेट म्हणजे कड्याला लावलेलं जाळं आणि मधे आमिष. उरणला मामाकडे चिंबोऱ्या धरायला फग लावायचे, त्याच घराण्यातलं प्रकरण.

"कयाकवरून जायचंय, कुठलं नेट घेऊ?" असं आतापर्यंत चार-पाच मित्रांनी विचारलंय. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

दुकानात दोन जाती मिळतात. पहिली चपटी. तळाला गेली की कडी आणि जाळं सपाट पडतं, शेवंड चालत आमिषाकडे येते, तुम्ही दोर ओढलात की जाळ्याच्या भिंती वर उठतात. दुसरी शंकूसारखी. हिची कडी दांड्यांनी जोडलेली असतात, त्यामुळे ती तळावरही उभीच राहते. शेवंड वर चढून आत उतरते आणि तिला पटकन बाहेर येता येत नाही.

कुणीही सांगेल, शंकूवालं घ्या, माल जास्त मिळतो. खरंय. पण हा सल्ला मोटरबोटवाल्यांचा. ते उभं राहून ओढतात, ओलं नेट मागे डेकवर फेकून देतात. आपण पाय पसरून बसलेलो असतो. कायद्याने कड्याचा व्यास 36 इंचांपर्यंत चालतो, आणि माझी कयाक आहे 30 इंच रुंद. म्हणजे नेट होडीपेक्षा मोठं! असं दांड्यांचं धूड अंधारात मांडीवर घेऊन बसायचं आणि एका बाजूला झुकून शेवंड मोजायची... करून बघा.

मग चपटं घ्यावं? ठेवायला ते झकास, पाच नेट एकावर एक ठेवली तरी जेमतेम वीतभर उंची. पण चपट्याला पहिला झटका जोरदार लागतो, नाहीतर शेवंड शेपटी मारून पसार. बसून ओढताना जोर फक्त हातांचा आणि खांद्यांचा. पहिले काही फूट तर नेट वर येण्याऐवजी आपली कयाकच नेटकडे सरकते. शंकूवालं मात्र सावकाश ओढणाऱ्याला सांभाळून घेतं.

इथे इंजिनिअरचा प्रश्न विचारावा: या सिस्टीममधला बॉटलनेक कोण? नेट नव्हे, ओढणारा माणूस. माणशी 5 नेट टाकता येतात. 40 फूट पाण्यात 5 नेट म्हणजे एका फेरीत 200 फूट दोर. अशा सहा फेऱ्या केल्या की 1200 फूट, तेही बसून. आणि दिवसाची मर्यादा 7 शेवंडी. मग एवढी घाई कशाला?

म्हणून माझं उत्तर: शंकूवालीच घ्या, पण छोट्या व्यासाची, एकात एक बसणारी, आणि तीनच. तीन नेटचा गठ्ठा सीटमागे बांधता येतो आणि मांडी मोकळी राहते.

दोराकडेही तेवढंच लक्ष द्या. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो आणि वल्ह्यात अडकतो. नायलॉनचा बुडतो, तो घ्या. पेन्सिलीपेक्षा बारीक नको, हात कापतो. लांबी खोलीपेक्षा थोडीच जास्त ठेवा. ओढलेला दोर पायात साचू न देता बादलीत जाऊ द्या. आमिषाला कडक प्लॅस्टिकची डबी लावा, नाहीतर सी लायन आमिष खातातच, जाळंही फाडून जातात.

हे सगळं मी एवढं का उगाळतोय? कारण जानेवारीत इथलं पाणी 14-15 अंश असतं. रात्री उलटलात, पायात दोर असला, तर लाइफ जॅकेट असूनही प्रकरण गंभीर होतं. आमच्या घरची अट एकच आहे: "रिकाम्या हाताने ये, पण कोरडा ये." मी नेटही याच अटीवर निवडतो. पांढरा दिवा हाताशी असू द्या आणि खाडीतल्या शांत पाण्यापासून सुरुवात करा.

नियमांचं म्हणाल तर लायसन्स, लॉब्स्टर रिपोर्ट कार्ड आणि गेज सोबत हवंच. दर दोन तासांच्या आत नेट उचलायचं. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंत सव्वातीन इंचांपेक्षा कमी भरली, की लगेच पाण्यात. तेवढी व्हायला तिला सात-आठ वर्षं सहज लागतात, त्यामुळे सोडताना जिवावर येऊ देऊ नका. राखीव क्षेत्रांचा नकाशाही आधी बघून ठेवा.

आणि विकत घेण्याआधी एक सोपी टेस्ट. मित्राचं नेट घरी आणा, दिवाणखान्यात पाय पसरून जमिनीवर बसा, दिवा घालवा. आता बूड न हलवता ते नेट मांडीवर घ्या आणि मागे ठेवा. जमलं तर तेच तुमचं नेट, दुकानदार काहीही म्हणो!