आईची जबानी

मी साखर कारखान्यात मिलहाऊसला आहे. हंगामी. दहावी नापास, बाकीचं वाचून वाचून आलं. वकिली कशी शिकवावी यावर मी बोलू नये, असं कुणालाही वाटेल. पण वकिलाचं शिक्षण कच्चं राहिलं की त्याची किंमत कोण मोजतं ते मला ठाऊक आहे. माझ्या आईनं मोजली.

श्रीरामपूर तालुक्यातलं आमचं गाव. नळावरून भांडण झालं. एका बागायतदारानं गल्लीत उभं राहून आईला जातीवरून शिव्या घातल्या. दहा-बारा माणसं बघत होती. ठाण्यात द्यायचा अर्ज एका नव्या वकिलानं लिहून दिला. आपलाच पोरगा. आई सांगत होती आणि तो मोबाईलमधला जुना अर्ज काढून नावं बदलत होता. त्यानं लिहिलं, 'घरी येऊन जातिवाचक शिवीगाळ केली.' शिवी कोणती, तो कुठं उभा होता, कोण बघत होतं, काही नाही. आईनं अंगठा दिला. वाचून कुणी दाखवलं नाही. फिर्यादही तशीच उतरली.

कोर्टात समोरच्या वकिलानं तेवढंच धरलं.

'शिव्या घरात दिल्या ना?'

'नाय सायेब, गल्लीत. समद्यांम्होरं.'

'मग कागदावर घरी कसं?'

आई गप्प. 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यात अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. चार भिंतींच्या आत, बघणारं कुणी नसताना दिलेली शिवी त्यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2020 साली पुन्हा सांगितलं. माणूस सुटला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, 'म्या खोटं बोलले का रं?'

मी त्या पोरावर चिडलो. मग विचारलं, शिकलास कसा? म्हणाला, 'गाईड वाचून. कोर्ट बघितल्याची वही मित्राची उतरवली.' पुढं बार कौन्सिलची परीक्षा, जी पास झाल्याशिवाय सनद पक्की होत नाही. शंभर प्रश्न, प्रत्येकाला पर्याय, कायद्याचं पुस्तक जवळ ठेवायला मुभा. मराठीतही देता येते, हे चांगलंच. पण घाबरलेल्या बाईकडून हकीकत कशी काढावी, हे गोल काळा करून कसं कळणार?

आमच्याकडं नव्या पोराला एकदम पॅनवर सोडत नाहीत. म्हातारा पॅनमन पाकाचा थेंब काचेवर घेतो, दाणा धरला का ते दाखवतो. पोरगं हंगामभर शेजारी उभं राहतं. साखरेला एवढं जपायचं आणि माणसाच्या अब्रूला नाही?

बाबासाहेब 1935 ते 1938 मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर त्यांनी 1936 साली लेख लिहिला. नुसता कायदा पाठ करून वकील होत नाही, हकीकत संगतवार आणि नेमकी मांडता आली पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. हाच माणूस 1939 च्या डिसेंबरात आमच्या हरेगावात वतनाच्या प्रश्नावर बोलायला आला होता. त्याच हरेगावात 2023 च्या ऑगस्टात शेळ्या-कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना उलटं टांगून मारलं. अशा वेळी पहिला कागद कोण लिहितो आणि कसा लिहितो, त्यावर पुढची सगळी केस उभी राहते.

सनदेआधी एक वर्ष उमेदवारी करावी असा नियम बार कौन्सिलनं 1995 साली केला होता. कौन्सिलला तो अधिकार नाही म्हणून 1999 साली सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. 2023 साली घटनापीठानं तो जुना निकाल चूक ठरवला, परीक्षाही कायम ठेवली. म्हणजे वाट मोकळी आहे. मग ते वर्ष आणा. पण फुकट राबवू नका. त्या वर्षात पोटापुरतं मिळालं नाही तर शेठजीचं पोरगं वकील होईल आणि आमचं पुन्हा मिलमध्ये येईल. त्याला मोफत कायदा मदतीच्या टेबलावर बसवा. फिर्याद ऐकू द्या, लिहू द्या, वाचून दाखवू द्या. सांगणारा माणूस 'हां, असंच झालं' म्हणाला तरच मार्क द्या.

आई आता कुठल्याच कागदावर अंगठा देत नाही. गॅसवाल्यालाही म्हणते, 'आधी वाचून दाखव.' सनदेची परीक्षा तिथूनच सुरू व्हावी.